चार अधिक चार

एक कार्ड सन्मती मगदूमनं आणलं, एक मी.
त्याचं इचलकरंजीचं, आभासी नाणी खोदून दमलेलं,
पंख्यात कापसाची लव.
माझं मिरज स्टेशनात, कोयनेतून उतरलेल्या माणसानं
टॉवेलात गुंडाळून दिलेलं.
मॉडेल एकच. नंबर तेवढे वेगळे,
आणि ते कुणी लिहून ठेवलेत?

खाली अब्बांचे भोपळे, तंबोऱ्यांच्या दांड्या, लाखेची वाटी.
वर माळ्यावर आमचं यंत्र.
दोन काळ्या विटा एकावर एक, मधे बोटभर फट,
कडेला दोघांना जोडणारी चपटी पट्टी.
तिला पूल म्हणतात.
सन्मती म्हणाला, आयर्विन बांधला आपण, लेका.

पहिल्याच रात्री पॉवर सप्लाय गेला.
वासावर अब्बा जिना चढून आले, उभे राहिले,
म्हणाले, हा लाखेचा नव्हे,
आणि उतरून गेले.
दुसरा घेतला हजार वॅटचा. हप्त्यावर.

काम असं वाटलेलं :
एक चित्र ह्यानं काढायचं, पुढचं त्यानं,
पुन्हा ह्यानं.
पडद्यावर गाडी पळायची ओल्या रस्त्यावरून,
सन्मती चालवायचा, मी कोपऱ्यातला आकडा वाचायचो.
एकशे बारा, सन्म्या! एकशे बारा!
"गप. अडखळतंय."
आकडा खोटा नव्हता. रस्ताही नव्हता.
एक चित्र वेळेवर यायचं, दुसरं केसभर मागून,
आणि त्या केसात
चाक दर वेळी अडकायचं.

अब्बा जवारीखाली दोरा सरकवत होते.
खालनंच म्हणाले,
"दोघं बोलतायत वर. एक चढलाय जरा."
चढला होता वरचा.
खालच्याची गरम हवा पिऊन
ब्याऐंशी अंशावर पंखा ओरडत होता.
मी फटीत सुक्या भोपळ्याचा तुकडा खोचला,
श्वासापुरती जागा झाली.

विकणाऱ्यानं एक सांगितलं नव्हतं.
ह्याची मेमरी चार, त्याची चार,
आम्ही आठ धरून चाललो होतो.
तसं होत नाही.
जे ह्यानं लक्षात ठेवायचं तेच त्यानं :
तोच रस्ता, तोच खांब, तीच ओली भिंत,
अख्खी, आपापल्याकडे.
चार अधिक चार, चारच.
"मग फायदा काय गड्या?"
हसला तो. मीही.
फायदा काढायला बसलो नव्हतो आम्ही.

मग नवा गेम आला, त्यानं एकालाच ओळखलं.
दुसरं नुसतं जागं,
बोहल्यामागच्या करवल्यासारखं,
घामाघूम, बिनकामाचं.
त्याच आठवड्यात सन्मतीला होसूरची नोकरी लागली.

त्यानं मागितलं नाही. मीच स्क्रू काढले.
दोन्ही सतरंजीवर ठेवली, आणि कळेना
कुठलं कुणाचं.
कापूस मीच पुसला होता ब्रशनं, आल्या दिवशी.
"दे कुठलंबी," म्हणाला,
आणि उजवीकडचं बॅगेत टाकलं,
आईनं दिलेल्या शेंगदाण्याच्या चटणीशेजारी.

रात्री चालू केलं. एकसष्ट.
कुठं अडखळ नाही. रस्ता तेल लावल्यासारखा.
मी तीन वळणं घेतली आणि थांबलो.
खालनं अब्बा,
"एकच लावलास?"
हो म्हटलं.
भोपळ्याचा तुकडा डब्याच्या तळाशी पडला होता,
तो वाजवून बघितला नखानं.
"जून आहे," अब्बा म्हणाले, "टाकू नको."

गणपती झाल्यावर साफसफाईला पंखा उघडला.
आसाशी, ब्रश पोचत नाही तिथं,
कापसाची बारीक लव.
म्हणजे माझं होसूरला आहे.

फोन हातात घेतला होता.
मग पंखा तसाच बसवला,
लवीसकट,
चारी स्क्रू पिळले.